बॅटरी नको म्हणायचीस, अक्का

काल तुझं तेरावं झालं, अक्का. आज सकाळी मी दुकान उघडलं.

शेजारच्या हॉटेलातून भट्टांनी न मागता कॉफी पाठवली. ती संपायच्या आत पहिलं गिऱ्हाईक आलं, कॉटनपेटेतला एक म्हातारा. काखेत चादरीत गुंडाळलेला रेडिओ टेबलावर ठेवून म्हणाला, "नोडी स्वामी, गुंय् अंत शब्द बरुत्ते." बघा हो, गुं असा आवाज येतोय. असली तक्रार मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो. मागचं झाकण काढायचं, फुगलेला कंडेन्सर बदलायचा, झालं काम. पण आज झाकणाचा स्क्रू फिरवायला हात उचलेना. म्हाताऱ्याला परवा या म्हटलं, दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावल्या आणि घरात येऊन तुझ्या वेताच्या खुर्चीत बसलो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून मागितलंय. तू कुठल्या साली काय शिकलीस, कॉलेजच्या प्रयोगशाळेत किती वर्षं होतीस, ते पाटणकर लिहिणार आहेत. त्यांना तारखा पाठ असतात. मला लिहायला बसवलं तर एकच गोष्ट सुचते, आणि ती म्हणजे आपलं भांडण. दहा-बारा वर्षं चाललं ते, याच खोलीत. भावाबहिणींची भांडणं घरावरून होतात, आईच्या पाटल्यांवरून होतात. आपण भांडलो ते डब्याएवढ्या एका यंत्राला वीज कुठून द्यायची यावरून. आई शेवटपर्यंत म्हणायची, "दोघांनी लग्नं केली असती तर हे भांडण चार घरांत वाटलं गेलं असतं."

सुरुवात कुठल्या सालची ते आता नीट सांगता येत नाही. सगळं सकाळच्या धुक्यातलं वाटतं. एवढं नक्की की मोठ्या रेकॉर्डी, एका बाजूला वीस-वीस मिनिटं वाजणाऱ्या, नुकत्या दिसायला लागल्या होत्या आणि पाटणकर परदेशातलं ट्रेनिंग संपवून आले होते. सरकारी कारखान्यातले पुण्याचे इंजिनियर. आपल्या मराठीला हसायचे. म्हणायचे, "तुमची मराठी मसाला डोशासारखी आहे हो, आत काय भरलंय ते खाल्ल्याशिवाय कळत नाही." त्यांच्या मुलीला तू फिजिक्स शिकवायचीस, म्हणून त्यांनी तिकडून आणलेल्या दोन मॅग्नेटिक पिकअपांपैकी एक तुला दिलं. रेकॉर्डवर टेकणारी सुई जिच्यात बसते ती नखाएवढी वस्तू. तळहातावर घेऊन तू किती वेळ बघत बसलीस. आई म्हणाली, "अगं, नथ आहे का ती?"

त्या पिकअपचा आवाज फार बारीक. थेट मोठ्या अँप्लिफायरला जोडला तर गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं यायचं. आधी त्याला एका लहान अँप्लिफायरने वाढवून घ्यावं लागतं. तोच आपला प्रीअँप्लिफायर. विकत कुठे मिळत नव्हता, म्हणून घरी केला. सर्किट तू काढलंस, तुझ्या त्या तिरप्या अक्षरात, प्रयोगवहीच्या कागदावर. तारा जोडायला कथलाचे डाग मी दिले. एक व्हॉल्व्ह, मूठभर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, आणि मार्केटजवळच्या रविवारच्या बाजारात लष्कराच्या भंगारातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा. पहिल्यांदा चालू केला तेव्हा रेकॉर्डवरच्या बाईंनी गायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी डाग देताना जळलेल्या रोझिनच्या धुराला दोष दिला.

आणि त्या श्वासाच्या खाली तो होता. गुं. बारीक सूर हजारपट मोठा करणारं यंत्र बारीक कुरबुरही हजारपट मोठी करतं. घरातल्या विजेच्या लाईनीतून येणारा आवाज तो, प्रत्येक रेडिओवाल्याचा जन्माचा वैरी. आपण त्याचं नाव भुंगा ठेवलं. पुढे घरात ते इतकं रुळलं की आईही विचारायची, "आज भुंगा आहे की गेला?"

पहिल्यांदा आपण मोठ्या अँप्लिफायरचीच वीज उसनी घेतली होती, म्हणून तो होता. मग ठरलं की प्रीअँपला स्वतःचा वेगळा पॉवर सप्लाय हवा, वेगळ्या डब्यात, प्रीअँपपासून तीन फूट लांब. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी हाताने गुंडाळला. एक-एक वेढा, मध्ये कागद, वर वॉर्निश. माझ्या हातच्या ट्रान्सफॉर्मरला नावं ठेवायची चामराजपेटपासून बसवनगुडीपर्यंत कोणाची टाप नव्हती, आणि हे मी लोकांना सांगतही फिरायचो. तू एकटी नावं ठेवायचीस.

त्या सकाळी मला स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात. रविवार. खिडकीतून कोवळं ऊन तांबड्या गुळगुळीत जमिनीवर आडवं पडलेलं. बाहेर फुलवालीची हाक, "हूवा, हूवा." तू या खुर्चीत डोळे मिटून, कानाला हेडफोन. मी जमिनीवर पालथा, ट्रान्सफॉर्मरचा डबा हाताने एक-एक बोट फिरवतोय. ट्रान्सफॉर्मर कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय यावर भुंगा कमी-जास्त होतो, एका कोनात अगदी नाहीसाही होतो. तो कोन तू कानाने शोधायचीस.

"स्वल्प फिरव. अजून. सरी, सरी, बरोबर... थांब! गेला."

मी खडूने खूण करायचो.

"अय्यो, परत आला. तू श्वास सोडलास का रे त्याच्यावर?"

त्या खडूच्या खुणांनी जमीन भरून गेली होती. आई केर काढताना त्यांना वळसा घालायची. एकदा कोणी पाहुणे आले, त्यांना वाटलं घरात काहीतरी पूजा मांडली होती. तू त्यांना गंभीरपणे सांगितलंस, "हो, भुंग्याची शांत होती." पाहुण्यांनी नमस्कार केला.

मी शाळेत गणितात तीनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि तरी आज माझ्या दुकानावर पाटी आहे, ती तुझ्यामुळे. तू मला ओहमचा नियम न्हाणीघरात शिकवलास, दोन घागरी आणि रबरी नळी घेऊन. व्हॉल्व्ह खराब आहे की चांगला हे तू त्याला नखाने टिचकी मारून सांगायचीस. कॉलेजातून येताना दुकानात डोकवायचीस, साडीचा पदर खोचून टेबलाशी उभी राहायचीस आणि मी दिवसभर न सापडलेला दोष पाच मिनिटांत दाखवून घरी जायचीस. गिऱ्हाइकं मला म्हणायची, "टीचरम्मा आहेत का? त्यांनाच दाखवा." मला राग यायचा. खरं तर अभिमान वाटायचा, पण मी राग दाखवत राहिलो. एकदाही तुला म्हणालो नाही की अक्का, माझं सगळं तुझं आहे.

मग एक दिवस भुंगा गेला. वीज गाळायला आपण दोन चोक लावले होते, मोठे कंडेन्सर लावले होते, व्हॉल्व्हच्या तारेलाही सरळ केलेली वीज दिली होती. मी हेडफोन लावले आणि आत काही नव्हतं. विहिरीत वाकून पाहावं आणि तळ दिसू नये तसं. मी ओरडलो, "झालं, अक्का!" तू हेडफोन घेतलेस, ऐकलंस आणि म्हणालीस, "आहे रे. बारीक आहे, पण आहे."

पाटणकरांनी कारखान्यातून मीटर आणला. काटा शून्यावर.

"सुलोचनाबाई, सायंटिफिकली बोलायचं तर काटा झोपलाय," ते म्हणाले.

"काट्याला कान आहेत का?" तू विचारलंस.

मी तुझ्यावर चिडलो. दुसरा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, अधिक जाड पत्र्याचा. तू पंधरा दिवस म्हणालीस बरं आहे, सोळाव्या दिवशी म्हणालीस, "आहे." तिसरा गुंडाळला. आता आठवलं की वाटतं, त्या वर्षांत मी दुकानापेक्षा जास्त वेढे तुझ्यासाठी घातले असतील. आणि प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, "माधू, तुझ्या ट्रान्सफॉर्मरातच काहीतरी आहे बघ," आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "माझा ट्रान्सफॉर्मर चोख आहे."

शेवटी मी बॅटरीचं काढलं. सोपं होतं. भुंगा लाईनीतून येतो, तर लाईनच नको. व्हॉल्व्हच्या तारेला मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी. वरच्या दाबासाठी तीन कोरड्या बॅटऱ्या एकापुढे एक, नव्वद-नव्वद व्होल्टच्या. वीज नसलेल्या खेड्यांत रेडिओला लावतात त्या. प्रीअँप काही बकासुर नाही, थेंबभर वीज खातो. वर्षभर सहज चालल्या असत्या. बॅटरीत भुंगा असूच शकत नाही, हे तू स्वतः कॉलेजात मुलींना शिकवत होतीस. आणि तूच म्हणायचीस, बॅटरी नको.

काय काय कारणं दिलीस! आम्लाने जमीन खराब होईल. वाफेने आईला खोकला होईल. बॅटरी रोज थोडी थोडी मरते, आज ऐकलेलं गाणं महिन्याने तसं वाजणार नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे कावेरी. "ही वीज शिवनसमुद्राच्या धबधब्यावरून येते रे. नदी पडते तिकडे आणि गाणं वाजतं इकडे. तुझ्या बॅटरीत काय आहे? शिसं." हे तू इतक्या गोड आवाजात म्हणालीस की पाटणकर 'वा' म्हणून गेले. मी म्हणालो, "नदीचं गाणं ऐकायचं असेल तर भुंगाही ऐक मग." तू म्हणालीस, "ऐकतेच आहे." आणि कॉफी गाळायला आत गेलीस. मला वाटलं, हट्ट आहे. आपल्या घराण्यात हट्टाला तोटा नाही.

दुसरंही एक होतं. तू यंत्र बंद करू द्यायची नाहीस. रेकॉर्ड संपली तरी प्रीअँप चालू. व्हॉल्व्ह तापत-निवत राहिला की लवकर जातो, असं म्हणायचीस. हे खोटं नाही, म्हणून मी मानलं. दुपारी तू मुलींच्या वह्या तपासत बसायचीस आणि कोपऱ्यात तो व्हॉल्व्ह गाण्याशिवाय नुसताच मिणमिणत असायचा.

आणखी एक आठवतं आणि ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तुझा कान सुरांचा होता. भुंगा पेटीच्या काळी चारच्या किंचित खाली आहे, तानपुऱ्याला टोचतो, असं तू पहिल्याच वर्षी सांगितलं होतंस आणि ते अगदी बरोबर होतं. पुढे एका दुपारी, पावसाची भुरभुर चालू असताना, तू हळूच म्हणालीस, "माधू, भुंगा वर चढलाय रे. आता काळी पाचच्याही वर आहे." मी हसलो. मी म्हणालो, "अक्का, तूच शिकवलंस ना? लाईनीचा सूर चढत नाही नि उतरत नाही. सेकंदाला पन्नास म्हणजे पन्नास. चढणारा भुंगा लाईनीतला असूच शकत नाही. आता तरी मान, तुझी कल्पना आहे." तू माझ्याकडे जरा पाहिलंस आणि भाजी काय करायची ते विचारलंस. मी एवढा रेडिओवाला, एवढा शहाणा! वाक्य माझ्याच तोंडातून बाहेर पडलं होतं. लाईनीतला नाही, तर मग कुठला, एवढंच विचारायचं होतं. मी वाद जिंकला आणि चहा मागितला.

त्यानंतरच्या रविवारी मी बॅटऱ्या घेऊन आलो. तुला न विचारता.

पाटणकरांना पंच म्हणून बोलावलं. आई दारात उभी. मी नुसतं जोडून थांबलो नाही. घराचा मेन स्विचच खाली ओढला. दिवा नाही, पंखा नाही, घरात विजेचा कण नाही. मोठा अँप्लिफायर गप्प. हेडफोन थेट प्रीअँपला लावले. गाणं वाजवायचं नव्हतंच, शांतता ऐकायची होती. आधी मी ऐकली. मग पाटणकरांनी ऐकली आणि म्हणाले, "अहो, हिमालयात जाऊन बसल्यासारखं वाटतंय." मग तुझ्याकडे हेडफोन दिले.

तू डोळे मिटून बसलीस. किती वेळ बसलीस! पाटणकरांनी घड्याळ पाहिलं. भिंतीवर उन्हाचा एक कवडसा हलत होता, त्याच्याकडेच मी बघत होतो. मी विचारलं, "काय अक्का? भुंगा?" तू हेडफोन काढलेस, खाली ओढलेल्या त्या मेन स्विचच्या दांडीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "गेला."

मी नाचलो, अक्का. शब्दशः नाचलो. भट्टांकडून म्हैसूरपाक आणला. रस्त्यातल्या माणसांना बोलावून सांगितलं की टीचरम्मा हरल्या. वर्षभर मी तुला चिडवलं. तोंडात साखर घालून विचारायचो, "काय, कावेरी काय म्हणते?" तू हसायचीस. चांगलं हसायचीस, मला काही वेगळं दिसलं नाही.

पण त्या दिवसानंतर तू ऐकणं सोडलंस. यंत्र बंद असलं तरी चालायला लागलं. रेकॉर्डींवर धूळ बसली. मी विचारलं तर म्हणायचीस, "वेळ कुठाय रे?" मला वाटलं, हार पचत नाही. मीही अडून बसलो. बॅटऱ्या कोपऱ्यात सुकून गेल्या. आम्लाने जमिनीवर डाग पडला, तू म्हणाली होतीस तसाच.

आता मागे पाहताना सगळं दिसतं. दुकानात येणं तू कमी केलंस, व्हॉल्व्हला टिचकी मारून मलाच विचारायचीस, "तुला काय वाटतं?" कॉलेजातली तोंडी परीक्षा लेखी घ्यायला लागलीस, आणि मुली म्हणाल्या बाई कडक झाल्या. जेवायला नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायला लागलीस, म्हणजे तुझा उजवा कान माझ्याकडे. मी म्हणायचो, "अक्का, लक्ष कुठे असतं तुझं?" मग एक दिवस नोकरी सोडलीस. आईकडे बघायला कोणीतरी हवं, असं सगळ्यांना सांगितलंस. आई तेव्हा माझ्यापेक्षा ठणठणीत होती. आम्ही तेही मानलं. मोठ्या बहिणीने सांगितलं की मानायचं, ही आपल्या घरातली रीत फार सोयीची होती.

आई गेली त्या वर्षापर्यंत तुला ऐकू येत नाही हे लपण्यासारखं राहिलं नव्हतं. आम्ही त्याला वय म्हणालो. पन्नाशीही गाठली नव्हतीस तू.

आणि मग गेल्या महिन्यातली ती दुपार. ताप आला नव्हता अजून. तू ओसरीवर शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होतीस, मी दुकानातून जेवायला आलो होतो. तू वर न बघता म्हणालीस, "माधू, एक सांगू? त्या रविवारी भुंगा गेला नव्हता."

मला आधी कळेना कुठला रविवार. मग कळलं.

"बॅटरीवरसुद्धा?" मी मोठ्याने विचारलं.

"बॅटरीवरसुद्धा. तसाच्या तसा."

"मग गेला का म्हणालीस?"

"तू किती हरखला होतास. पाटणकर होते, आई होती. बॅटरीत आवाज नसतो, हे मीच शिकवत आले. मग तो कुठे आहे, ते सांगावं लागलं असतं."

शेंगेचा धागा ओढून तू बाजूला ठेवलास. "नंतर एकटीच जाऊन कान दाखवून आले. नस वाळतेय म्हणाले. इलाज नाही."

तू पुढे म्हणालीस, "म्हणून तर बॅटरी नको म्हणत होते रे, इतकी वर्षं. यंत्र बंद केलं तरी यायचा, म्हणून बंद करू देत नव्हते. लाईन होती तोवर रोज सकाळी उठून म्हणता यायचं, माझ्या कानाला काही झालेलं नाही, माधूचा ट्रान्सफॉर्मर खराब आहे. इतकं बरं वाटायचं."

आणि मी काय म्हणालो, आठवतं ना? तुझा हात धरायचा होता. रडायचं होतं. निदान गप्प बसायचं होतं. मी तुझ्या उजव्या कानाशी वाकून मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "माझा ट्रान्सफॉर्मर खराब नव्हता, अक्का!"

तू खळखळून हसलीस. कितीतरी वर्षांनी तशी हसलीस. म्हणालीस, "नव्हता रे बाबा, ठाऊक आहे मला. जेव आता." मी जेवलो आणि दुकानात गेलो. त्यावर पुन्हा बोलू, असं मनात होतं. आठवडाभर रोज वाटायचं, आज बोलू. मग तुला ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. त्या चार दिवसांत मी तुझ्याशी किती बोललो, पण तुला ऐकू गेलं का, मला माहीत नाही.

परवा पहाटे तू स्वप्नात आलीस. जमिनीवर पालथी झोपून तू डबा फिरवत होतीस आणि मी खुर्चीत हेडफोन लावून बसलो होतो. तू सारखी विचारत होतीस, "आहे का? आता आहे का?" आणि मला आवाजच फुटत नव्हता. जाग आली तेव्हा उशी ओली होती.

तर आज दुकान अर्धं बंद करून घरात आलो तो यासाठी. तुझ्या प्रीअँपवरचं कापड काढलं. मेलेल्या बॅटऱ्या सोडवल्या आणि माझा तिसरा ट्रान्सफॉर्मर, तो जाड पत्र्याचा, परत जोडला. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाला. हेडफोन लावले. आत स्वच्छ शांतता. इतक्या वर्षांनीही चोख. उभ्या आयुष्यात मला माझ्या हातच्या कामाचा इतका राग आला नव्हता.

मग मी डाग द्यायची सळई तापवली आणि मोठ्या कंडेन्सरचं एक टोक सोडवून टाकलं. गाळणी काढली म्हण. गुं करून भुंगा आला आणि दोन्ही कानांत भरून राहिला. मी हेडफोन काढले नाहीत. बाहेर बस गेली असेल, फुलवाली ओरडली असेल, मला काही ऐकू आलं नाही. असं तू किती वर्षं बसत होतीस? वह्या तपासताना, भाजी चिरताना, माझी थट्टा ऐकताना? मी तासभर बसलो आणि डोकं भणभणायला लागलं.

लिहिताना तो अजून चालूच आहे. तू समोर असतीस तर मी हे कदाचित याही वेळी म्हटलं नसतं. जीभ रेटली नसती. पण आता सांगतो, आणि उजव्या कानाशी वाकून सांगतोय असं समज. दोष ट्रान्सफॉर्मरचाच होता, अक्का. तिन्ही वेळा. वेढे घालताना मीच कुठेतरी चुकलो. तुझे कान चांगले होते.